झाकण उघडून पाहा, वहिनी

मंदाचा फोन आला तेव्हा मी दुकानात गणपती मंडळाची कार्यक्रमपत्रिका लावत होते. आरतीनंतर मुलांच्या स्पर्धा, स्पर्धांनंतर महाप्रसाद... मंदा माझी धाकटी जाऊ, हुडकेश्वरला राहते. सकाळी स्वयंपाकाच्या घाईत ती कधी फोन करत नाही. मी फोन खांद्यात धरून, टाइप करता करताच "बोल वं" म्हटलं, तर ती म्हणाली, "ताई, हे उठूनच नाही राहिले..." मनोहरभाऊजी, माझे धाकटे दीर, झोपेतच गेले होते. मला आठवतं, मी आधी मजकूर सेव्ह केला, मग मशीन रीतसर बंद केली, मग खाली वाकून भिंतीतला प्लग काढला आणि त्यानंतर यांना हाक मारली. दुकान जास्त दिवस बंद राहणार असेल तर प्लग काढायचा, हा भाऊजींचा नियम होता. त्या क्षणीही तो मोडायची माझी छाती झाली नाही. मोडला असता तर ते रागावले असते.

नागपूरच्या नंदनवनात आमचं पत्रिकांचं दुकान आहे. मागच्या खोलीत हे छापतात, पुढच्या खोलीत मी मजकूर लावते. पत्रिकेचं काम वरून सोपं दिसतं. पण कोणत्या काकाचं नाव आधी, आत्या कुठल्या गावची, कुलदैवत कसं लिहायचं, यावरून जुळलेली लग्नं मोडायच्या बेताला आलेली मी पाहिली आहेत. म्हणून आमच्याकडे येणारे लोक एकच वाक्य म्हणतात, "मोठीच्या वेळी होती तशीच." ती मोठीच्या वेळची पत्रिका माझ्या जुन्या मशीनमध्ये असते. तेव्हाच्या मराठी अक्षरात, तेव्हाच्या विंडोजवर, मागे पेनड्राइव्हसारखं छोटं लॉक खोचल्याशिवाय न उघडणाऱ्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये. नव्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली तर फुल्या, चौकोन आणि उलटे स्वल्पविराम दिसतात. त्यामुळे ती मशीन जिवंत ठेवणं म्हणजे आमचं दुकान जिवंत ठेवणं, आणि ते काम भाऊजींचं.

भाऊजी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले होते आणि ते कुणाला विसरू देत नसत. नम्रता हा गुण त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. शहरात जिथे जिथे लोकांनी टाकून द्यायला काढलेले कॉम्प्युटर होते तिथे तिथे ते पिशवी घेऊन जायचे आणि मशीन सुरू झाली की मालकाला समोर बसवून आपलंच कौतुक ऐकवायचे. "या हाताले यश आहे, वहिनी. मेलेली मशीन माह्या आवाजानं उठते." मी म्हणायचे, "हो, तुमची बडबड थांबावी म्हणून उठते बिचारी." त्यावर ते सगळ्यांत मोठ्यानं हसायचे आणि माझ्याच हातचा चहा मागायचे.

या मशीनशी त्यांचं नातं जुळलं ते माझ्यामुळे, तेही दसऱ्याला. आमच्याकडे दसऱ्याला विळीपासून छपाईच्या यंत्रापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. कॉम्प्युटर घरात आला त्या वर्षी पहिला मान अर्थातच त्याचा. मी मोठ्या हौसेनं वर स्वस्तिक काढलं, मागच्या जाळीला ओल्या कुंकवाची बोटं लावली, फुलानं पाणी शिंपडलं आणि मंत्र येत नसल्यामुळे त्याची भरपाई अक्षतांनी केली. मूठभर वाहिल्या असतील. मग हे म्हणाले, लाव बटण. मी लावलं. आत काहीतरी तडतडलं, पंखा खडखडला, आणि भाजल्याचा असा खमंग वास आला की शेजारीण "काय करून राहिल्या?" म्हणत डोकावली. संध्याकाळी भाऊजी सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात देऊन त्यांनी पाया पडायचं, त्याऐवजी ते जमिनीवर बसले, पेपर पसरला, मशीनचं झाकण काढलं आणि ती हळूच तिरपी केली. पेपरवर लाल तांदूळ पडू लागले. पडतच राहिले. भाऊजींनी त्यातला एक दाणा उचलून दातांखाली धरला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही पूजा नाही केली, तुम्ही मशीनमंदी पुलाव लावला!"

तो पुलाव नात्यागोत्यात वर्षानुवर्षं वाढला गेला. पण भाऊजी टिंगल करून थांबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते जळलेला भाग बदलून मशीन घेऊन आले, तेव्हा तिच्या डोक्यावर कुंकवाच्या डबीचं एक पितळी झाकण उलटं चिकटवलेलं होतं. "देव इथं बसते. काय वाहाचं ते या वाटीत वाहा. एक दाणा बाहेर पडला तं मी येणार नाही, सांगून ठेवतो." आणि पुढच्या वर्षीपासून दसऱ्याला सकाळी, पूजेच्या आधी, ते स्वतःच येऊ लागले. प्लग काढायचा, मशीन अंगणात न्यायची, झाकण उघडून ब्लोअरनं वर्षाची धूळ उडवायची, रॅमची सोनेरी कड साध्या खोडरबरनं घासून परत बसवायची. "ही झाली खरी पूजा. आता तुमचं चालू द्या." हळूहळू त्यांनी सगळ्याच गिऱ्हाइकांकडे हा रिवाज लावला, कारण तांदूळ वाहणारी मी एकटी नव्हते. एका दवाखान्याच्या मशीनमध्ये तर खोबऱ्याचा तुकडा सापडला होता. "दसरा झाला की मंदाले तांदूळ विकत आणा लागत नाही," असं ते खुशाल सांगायचे.

एकदा मात्र खुद्द भाऊजींनी पुलाव लावला. भर लग्नसराईत ते नवी विंडोज घेऊन आले आणि यांना म्हणाले, "दादा, आज वहिनीची मशीन जवान करून देतो." सकाळभर काम चाललं. पडदा सुंदर दिसायला लागला, निळंशार आभाळ, हिरवं कुरण... मी कौतुकानं एक पत्रिका उघडली, तर चि. सौ. कां. च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. दुसरी उघडली, तीही तशीच. सॉफ्टवेअर मागचं लॉक ओळखेना, अक्षरं कुणालाच ओळखेनात. बाहेर बाकावर वधूपिता बसलेला. भाऊजींच्या कपाळावर घाम आला, आणि तो माणूस चक्क गप्प झाला. मला मशीनपेक्षा त्यांच्या गप्प होण्याची जास्त भीती वाटली. पण एवढी अक्कल त्यांनी ठेवली होती की जुनी डिस्क पुसली नव्हती, काढून बाजूला ठेवली होती. ती परत लावली, जुना करडा पडदा आला, पत्रिका आली, तिच्यात सगळे काका जागच्या जागी. भाऊजींनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आज मी लावला, वहिनी." मी मान डोलावली. आणि त्यांनी मागायच्या आधीच चहा ठेवला.

त्यानंतर त्यांचा एक नियम पक्का झाला. चालत्या जुन्या मशीनला हात लावण्याआधी तिची जशीच्या तशी नक्कल करून ठेवायची, आणि नवं काही हवं असेल तर ते तिच्या जागी नाही, तिच्या शेजारी उभं करायचं. म्हणून आमच्याकडे बाहेरच्या जगाशी बोलायला एक नवा कॉम्प्युटर आला, आणि जुनीची इंटरनेटची वायर त्यांनी काढून टाकली. वायर लागायची ती जागाही चिकटपट्टीनं बंद केली. आमचा मुलगा निखिल पुण्याला असतो, कॉम्प्युटरच्याच क्षेत्रातला आहे. तो सुट्टीत आला की वाद घालायचा. भाऊजी म्हणायचे, "अबे, म्हाताऱ्या माणसाले गर्दीत सोडाचं नसते. हिच्या विंडोजले आता कोणी दवाई देत नाही. बाहेर गेली का रोग घेऊन येईन. घरात बसून शंभर वर्षं जगन." निखिलला हे पटलेलं चेहऱ्यावर दिसायचं, पण काकांसमोर कबूल करणं म्हणजे संध्याकाळभर त्यांची फुशारकी ऐकणं, म्हणून तो मोबाईलमध्ये तोंड घालायचा. त्या मशीनमध्ये भाऊजींनी एकेक करून रॅम वाढवली, डिस्क बदलली, पॉवर सप्लाय बदलला, डबड्यासारखा मॉनिटर जाऊन चपटा आला. मी एकदा विचारलं, आता हिच्यात जुनं राहिलंय काय? त्यांनी पितळी झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाले, "देव."

उन्हाळ्यात त्यांचा फोन दिवसातून चारदा यायचा, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात माणसं कूलरचं तोंड स्वतःकडे करतात आणि मशीन त्या ओल्या वाऱ्यात भिजत बसते. "कूलर मशीनकडं तं नाही न?" हीच त्यांची विचारपूस. मशीन सुरू होईना झाली की मी फोन तिच्याजवळ धरायचे. आतून शिट्ट्या वाजायच्या, भाऊजी हुडकेश्वरला बसून ऐकायचे आणि सांगायचे, "लांब लांब वाजून राहिली न? रॅम हलली. झाकण उघडा, रॅम काढा, खोडरबर मारा, दाबून बसवा." मी म्हणायचे, "मी नाही उघडणार बाई. तुम्ही या." ते करवादायचे, "काहून भेता वहिनी? आत साप नाही बसला." आणि यायचेच. नंदनवन ते हुडकेश्वर, यायला असा कितीसा वेळ लागतो. मला हे बरं जमलं होतं आणि त्यांनाही ते आवडत होतं, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

त्यांच्यासोबत मी एकदाच कामाला गेले, मौद्याला. तिकडे नात्यात वास्तुशांत होती आणि वाटेत त्यांना एका राइस मिलमध्ये थांबायचं होतं. मिलच्या काट्यावरची मशीन आमच्यापेक्षाही जुनी. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, धानाचे ट्रॅक्टर वजनाला उभे राहिले की वजन त्याच पडद्यावर उमटायचं. ती बंद पडली होती आणि ट्रॅक्टरची रांग मिलच्या फाटकाबाहेर गेली होती. मिलचे मालक वामनरावजी कपाळाला हात लावून बसले होते. "मनोहर, हिचं डोकं फिरलं गा. तारीखच भलती दाखवून राहिली." भाऊजींनी झाकण काढलं, आतला रुपयाएवढा सेल बदलला, तारीख घातली, आणि पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. मी विचारलं, एवढ्याशा सेलसाठी एवढं सगळं अडतं? ते म्हणाले, "वहिनी, लाइट गेली का मशीन झोपते. झोपीत तिले आपली ओळख याद राहते ते या सेलवर. सेल मेला का ती सकाळी उठून इचारते, मी कोण?" मग निघण्याआधी त्यांनी पिशवीतून एक नवा सेल काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं चिकटवला. हे कशाला, मी विचारलं. "दूरच्या मशीनमंदी मी ठेवतोच. जिथं मी टाइमावर पोहोचणार नाही तिथं." मी लगेच फणकारले, "आमच्या मशीनमध्ये कधी ठेवला नाही तो?" भाऊजी गाडीला किक मारत म्हणाले, "तुमच्याकडं काहून ठेवू? तुमच्याकडं तं मी येतोच न."

शेवटचे ते आले ते पोळ्याच्या सुमारास. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी नावांच्या गुंत्यात अडकले होते. ते नेहमीसारखे ओरडत आले नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, पण मी ते उकाड्यावर ढकललं. भिंतीशी बसून त्यांनी मशीन बंद करायला लावली, उघडली, काहीतरी केलं, लावली. चहा अर्धा ठेवला. त्यांनी चहा अर्धा ठेवणं म्हणजे काय ते आमच्या घरात ज्याला त्याला कळेल... मी म्हटलं, बिघडलीय का? म्हणाले, "नाही, बिलकुल फर्स्टक्लास आहे. पण यंदा दसऱ्याले तुम्हीच झाकण उघडून पाहा, वहिनी. किती दिवस दिराच्या भरोशावर राहता?" मी हातातलं काम न सोडता म्हटलं, "जन्मभर." ते हसले. पायरीवर जरा थांबले, खांबाला हात लावून, आणि मग गेले. मागाहून मंदानं सांगितलं की डॉक्टरांनी त्यांना आधीच बजावलं होतं, जिने चढू नका, जड उचलू नका, तपासण्या करून घ्या. दादाला आणि वहिनीला सांगायचं नाही, अशी त्यांनी तिला शपथ घातली होती. मंदावर मी चिडले नाही. भाऊजींवर चिडले, आणि अजून चिडलेली आहे.

तेरवी होईपर्यंत दुकान बंद होतं. तेरवीचा निरोप आम्ही फोनवर दिला. पत्रिका लावतेस का, असं यांनी दबकत विचारलं होतं, मी नाही म्हटलं. त्यांनीच जगवलेल्या मशीनवर त्यांच्या नावाआधी कै. टाइप करायला माझी बोटं वळली नसती. मग दुकान उघडलं, प्लग लावला, बटण दाबलं, आणि मशीननं काळ्या पडद्यावर विचारलं, मी कोण? म्हणजे तिच्या भाषेत, पण मला कळलं. तारीख कुठल्या कुठे गेली होती, आणि तारीख चुकली की ते सॉफ्टवेअर उघडत नाही. भाऊजींनी फोनवरून शिकवल्याप्रमाणे मी हातानं तारीख घातली, काम भागवलं. पण लाइट गेली की पुन्हा तेच, आणि आमच्या भागात लाइट जायला निमित्त लागत नाही. मग एक दिवस ती डिस्कही ओळखेना. निखिल फोनवर म्हणाला, "आई, आता टाक ती. सगळं नव्यानं टाइप करू." मी विचारलं, कोण टाइप करणार, इतक्या वर्षांची इतकी घरं? हे म्हणाले, कुणाला तरी बोलावतो. माझं नेहमीचं उत्तर, भाऊजींना बोलवा, जिभेवर आलं होतं. पत्रिकांची गिऱ्हाइकं तुळशीच्या लग्नानंतर रांगा लावतात. त्याआधी मशीन उठली नाही तर दुकानाची पाटी उतरवावी लागेल, हे मला आणि यांना दोघांनाही न बोलता कळत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मौद्याचे वामनरावजी आले, धाकट्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला. मोठीची पत्रिका आमचीच. खुर्चीत टेकले, भाऊजींसाठी डोळे पुसले आणि म्हणाले, "तशीच पाहिजे, मोठीच्या टाइमाले होती तशीच. मोठीच्या सासरचे लोक अजून नाव काढते त्या पत्रिकेचं." मी त्यांना मशीनची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "माह्याही काट्याची बंद पडली होती मागच्या हप्त्यात. मनोहरनं आत सेल ठेवून देला होता, मीच लावला. तुम्ही काहून भेता? मी धान मोजणारा माणूस लावू शकतो तं तुम्ही तं त्याच्या वहिनी!" मी हसले. त्यांना हे कसं सांगणार की आमच्या मशीनमध्ये भाऊजींनी तो ठेवला नव्हता, कारण आमच्याकडे तर ते येतच होते.

यंदा आमच्या घरात वर्षभर सण नाही. दसरा आला, पण हळदकुंकू नाही, अक्षता नाहीत, सोनं नाही. मात्र भाऊजींची पूजा म्हणजे धूळ काढणं, तिला कसला आलाय दुखवटा? सकाळी मी पदर खोचला, प्लग काढला आणि यांना म्हटलं, मशीन अंगणात आणून द्या, कोणता सेल लागतो तेही उघडून पाहू. यांनी पेचकस माझ्या हातात ठेवला आणि स्वतः ब्लोअर शोधायला गेले. स्क्रू निघाले. इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते झाकण एखाद्या डब्याचं निघावं तसं सरकून हातात आलं. मी ते उलटं करून पेपरवर ठेवलं... आणि आतल्या बाजूला, कोपऱ्यात, चिकटपट्टीखाली एक नवाकोरा सेल होता.

म्हणजे त्या दिवशी, माझ्या समोर, चहा अर्धा ठेवून त्यांनी हे केलं होतं. त्यांना कळलं होतं की आता नंदनवनही मौद्याइतकंच लांब झालंय. मी खूप रडले, आणि ते सांगायला मला संकोच नाही, तेरवीलाही मी इतकी रडले नव्हते. यांनी ब्लोअर तसाच धरून ठेवला होता. मग मी डोळे पुसून चिकटपट्टी काढली, जुना सेल नखानं उचलला, नवा बसवला. धूळ उडवली, रॅमला खोडरबर मारलं, दाबून बसवली. प्लग लावला, बटण दाबलं, तारीख घातली, मशीनला डिस्क ओळखायला लावली. मग मुद्दाम मशीन बंद केली, प्लग काढला, थोडं थांबले आणि पुन्हा लावली. तारीख बरोबर, वेळ बरोबर. जुना करडा पडदा आला आणि मी मोठीची पत्रिका उघडली. सगळे काका जागच्या जागी होते.

वामनरावजींच्या धाकटीची पत्रिका मी त्याच दिवशी लावून घेतली. एक नवा सेल यांना आणायला सांगितला आणि तो आतल्या बाजूला, त्याच कोपऱ्यात, त्यांच्यासारखाच चिकटवला. वरच्या पितळी वाटीत यंदा काही वाहिलं नाही, नुसती ती पुसली. झाकण लावताना हे छापखान्यात गेले होते, दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "पोहोचलात की हो भाऊजी, टाइमावर."